बारीक गॅस आणि कॉकमधले छिद्र

आमच्या घरी वर्षातून दोन-तीन वेळा कुंदा हा आटवलेल्या दुधाचा गोड पदार्थ होतो. बेळगावात राहणाऱ्या माणसाला कुंदा घरी करण्याची तशी काहीच गरज नाही, कारण खडेबाजारात पाच पावलांवर चांगला कुंदा मिळतो. तरीही दिवाळीला आणि बहिणी माहेरी आल्या की तो घरीच करायचा, हा आईने पाडलेला पायंडा माझ्या पत्नीने आजवर मोडलेला नाही. म्हशीचे दूध आटवत खव्यापर्यंत आणायचे, मध्येच थोडे दही घालून त्याला रवाळपणा द्यायचा, साखर घातल्यावर तांबूस रंग येईपर्यंत हात न थांबवता परतत राहायचे, आणि या साऱ्यातला शेवटचा तास-दीड तास आच अगदी मंद ठेवायची. गेल्या पावसाळ्यात नेमके हेच जमेनासे झाले. डावीकडचा बर्नर एक तर भरभरून पेटायचा, नाही तर बारीक करायला गेले की विझायचा; मधली अवस्थाच नाहीशी झाली होती. दोन लिटर दूध तळाला लागले आणि करपल्याचा वास घरभर पसरला.

मी उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये एकतीस वर्षे काम केले. ओतकामातून आलेल्या व्हॉल्व्हच्या बॉडी टर्निंग करणे, त्यांचे टेपर, म्हणजे निमुळते भाग, जुळवणे, गळती तपासणे हे माझे रोजचे काम होते, त्यामुळे त्या बटणामागे नेमके काय बिघडले असेल याचा विचार मनातून जाईना. 'गॅस बारीक कर' हे वाक्य आपल्या घरात दिवसातून दहा वेळा उच्चारले जाते. शेजारच्या कन्नडभाषक काकू तेच 'सण्ण उरी माडु' असे म्हणतात. दोन्ही भाषांत बोलणाऱ्याची अपेक्षा एकच असते, की बटण फिरवले की ज्योत निमूटपणे लहान होईल. ती कशी लहान होते, हे मात्र आपण पाहिलेले नसते, आणि मला ते पाहण्यासारखे वाटते.

सुरुवात सिलिंडरपासून करावी लागते. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो प्रोपेन-ब्युटेनचे मिश्रण द्रवरूपात असते आणि त्याच्या वर साठलेल्या वायूचा दाब हवेच्या दाबाच्या कित्येक पट असतो. शिवाय हा दाब स्थिर नसतो. उन्हाळ्यात तो वाढतो, थंडीत उतरतो. सिलिंडरच्या तोंडावर बसवलेला रेग्युलेटर हा चढ-उतार शेगडीपर्यंत पोहोचू देत नाही. तो आतल्या पडद्याच्या आणि स्प्रिंगच्या साहाय्याने दाब सुमारे 30 मिलिबारवर आणून ठेवतो. हा दाब किती, तर 30 सेंटिमीटर उंच पाण्याचा स्तंभ आपल्या तळाशी जेवढा भार देतो तेवढा. काही घरांत रेग्युलेटरचे बटण अर्धवट फिरवून ज्योत लहान करण्याचा प्रयत्न होताना मी पाहिला आहे. ते बटण फक्त चालू आणि बंद करण्यासाठी असते, ज्योतीचे मोजमाप ठरवण्यासाठी नसते, म्हणून तसे करू नये.

ज्योतीचे मोजमाप ठरते ते शेगडीच्या बटणामागच्या कॉकमध्ये. शेगडीच्या पोटात एक आडवी नळी असते, तिच्यात वायू भरलेला असतो आणि प्रत्येक बर्नरसाठी एक कॉक त्या नळीवर बसवलेला असतो. कॉकच्या बॉडीमध्ये एक निमुळती पोकळी कोरलेली असते आणि त्या पोकळीत तेवढीच निमुळती अशी पितळी खुंटी घट्ट बसते. कारागीर तिला प्लग म्हणतात. खुंटी आतून पोकळ असते. तिच्या अंगावर, म्हणजे बाजूला, एक मोठे छिद्र असते आणि त्यापासून काही अंतरावर एक अगदी बारीक छिद्र असते. बटण आत दाबून डावीकडे पाव फेरा फिरवले की मोठे छिद्र नळीच्या वाटेसमोर येते आणि वायू खुंटीच्या पोटातून पुढे जातो. तसेच पुढे फिरवत राहिले की मोठे छिद्र हळूहळू बाजूला सरकते, आणि अखेरीस वाटेसमोर उरते ते केवळ बारीक छिद्र. आपण ज्याला सिम म्हणतो ती हीच जागा. बंद अवस्थेत वाटेसमोर खुंटीची सलग भिंत असते. दाबल्याशिवाय बटण फिरत नाही, कारण खुंटीमागची स्प्रिंग एका खिळीला खाचेत अडकवून ठेवते; लहान मुलाचा हात सहज लागून गॅस सुरू होऊ नये, यासाठी केलेली ही सोय आहे.

आता बर्नर पूर्ण मोठा असताना बटण थोडेसे फिरवून पाहावे. ज्योतीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. आणखी फिरवावे, तरी फारसा नाही. मग एका ठिकाणी बोटभरही फिरवण्याआधी ज्योत झपाट्याने खाली बसते. पुष्कळांना हा कॉकचा दोष वाटतो, पण तो दोष नव्हे. कॉकच्या पुढे, बर्नरच्या नळीच्या तोंडाशी, एक छोटा पितळी जेट असतो आणि त्याला मिलिमीटरपेक्षाही लहान भोक असते. वायूला एकामागोमाग एक अशा दोन अरुंद दारांतून जायचे असते, एक कॉकचे आणि दुसरे जेटचे. ज्या दाराची अडवणूक जास्त, त्याची सत्ता चालते. कॉकमधली वाट क्षेत्रफळाने जेटच्या भोकाच्या चौपट असेल, तर जेट एकटा असता तर गेला असता त्याच्या 97 टक्के वायू जातो, म्हणजे कॉक असून नसल्यासारखाच असतो. कॉकची वाट अरुंद होत होत जेटच्या भोकाएवढी झाली की प्रवाह 71 टक्क्यांवर येतो आणि ती जेटच्या निम्मी झाली की 45 टक्क्यांवर. सारा खरा बदल शेवटच्या थोड्याशा फेऱ्यात घडतो, आणि म्हणूनच बटणावर हात हलका असलेली बाई त्या थोड्याशा फेऱ्यातून हवी ती आच बरोबर काढते.

माझ्या शेगडीचा जेट मी मोजला, तेव्हा त्याचे भोक 0.70 मिलिमीटर भरले आणि सिमच्या छिद्रातून 0.40 मिलिमीटरची तार नेमकी गेली. या दोन आकड्यांवरून हिशेब केला, तर सिमवर पूर्ण ज्योतीच्या एकतृतीयांशाहून थोडा कमी वायू जातो. एका घराची सारी मंद आच अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान छिद्रावर अवलंबून असते, हे मोजून पाहिल्यावर माझ्या मनावर चांगलेच ठसले.

जेटमधून सुटलेला वायू वेगाने बर्नरच्या नळीत शिरतो आणि जाताना भोवतालची हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. ही गोष्ट फार सुंदर आहे, कारण वायू कमी केला की त्याचा वेग कमी होतो आणि ओढली जाणारी हवाही जवळपास त्याच प्रमाणात घटते. हवेचे प्रमाण ठरवणारा वेगळा पहारेकरी ठेवावा लागत नाही. प्रोपेनच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी सुमारे 24 भाग हवा लागते, ब्युटेनला सुमारे 31. त्यातली काही नळीत मिसळते आणि उरलेली ज्योत आपल्या बाजूने घेते. आधी हवा मिसळून मग जाळण्याची ही रीत जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेसाठी 1855 च्या सुमारास तयार झालेल्या बर्नरमुळे सर्वत्र पसरली, आणि आपली शेगडी त्याच घराण्यातली आहे. हवा पुरेशी मिसळली की ज्योत निळी आणि आवाजाला स्थिर असते. हवेची वाट धुळीने किंवा कोळ्याच्या जाळ्याने अडली की ज्योत पिवळी होते आणि पातेल्याच्या बुडाला काजळी धरते. अशा वेळी दोष कॉकमध्ये शोधू नये.

बर्नरच्या भोकांतून वर येणारे मिश्रण आणि खाली उतरू पाहणारी ज्योत यांची सतत स्पर्धा चाललेली असते. मिश्रण ज्योतीपेक्षा वेगाने वर आले तरच ज्योत तोंडाशी टिकते. गॅस बंद करताना पुष्कळदा 'फट्' असा लहानसा आवाज होतो, तो याच स्पर्धेचा शेवट असतो. प्रवाह मंदावला, ज्योत भोकातून आत शिरली आणि नळीतले उरलेसुरले मिश्रण जळून गेले. सिमवर ठेवलेल्या बर्नरमध्ये कधी ज्योत आत जाऊन जेटपाशीच सूं सूं करत जळू लागते. तसे झाले तर लगेच बंद करावे, बर्नर निवू द्यावा आणि मग पुन्हा पेटवावा; तसाच जळत ठेवला तर बर्नरची नळी लाल होईपर्यंत तापू शकते.

इथे एक समजूत दुरुस्त करावीशी वाटते. ज्योत बारीक केली म्हणजे ती थंड झाली, असे आपण धरून चालतो. निळ्या ज्योतीचे तापमान मोठ्या आणि बारीक बर्नरला जवळपास सारखेच, हजार अंशांच्या कितीतरी वर असते. कमी होते ती दर मिनिटाला मिळणारी उष्णता. म्हणून पातळ बुडाच्या पातेल्यात बारीक गॅसवरही दूध मधोमध एका वर्तुळात लागते, कारण सिमवर ज्योत बर्नरला चिकटून राहते आणि तिचा सारा मारा एकाच ठिकाणी होतो. आई आटवायच्या दुधाच्या पातेल्याखाली जुना लोखंडी तवा ठेवत असे, तो याचसाठी. तवा ती उष्णता घेतो, आपल्या अंगभर पसरवतो आणि मग पातेल्याला देतो. तिच्या लहानपणी खानापूरकडच्या घरात चूल होती आणि चुलीला वैल, म्हणजे तिच्याच धगेवर तापणारे बाजूचे तोंड, होता. उकळी आली की पातेले वैलावर सरकवायचे आणि लाकूड थोडे मागे ओढायचे. वैलाकडे ज्योत पोहोचत नसे, तापलेली माती आणि धग पोहोचत असे. गॅसच्या शेगडीने ज्योत आवरण्याची सोय दिली, पण वैलाची ती सर्व बाजूंनी लागणारी मऊ धग दिली नाही. तव्याने ती काही प्रमाणात परत मिळते.

उकळी आल्यानंतर गॅस मोठा ठेवून काय मिळते, हाही विचार करण्यासारखा मुद्दा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी साधारण साडेसत्त्याण्णव अंशांना उकळते. एकदा उकळी फुटली की ज्योत कितीही वाढवली तरी पाणी त्याहून तापत नाही. वाढते ती वाफ. एक लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपटीहून अधिक उष्णता त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. म्हणून डाळीला आधण आल्यावर मोठा गॅस ठेवणे म्हणजे डाळ शिजवण्याऐवजी स्वयंपाकघर वाफेने भरणे होय. कुकरचेही तसेच आहे. पहिली शिट्टी झाली म्हणजे आतले तापमान 120 अंशांच्या आसपास पोहोचले. पुढे ते टिकवण्यापुरतीच आच पुरते आणि त्यासाठी सिमची जागा पुष्कळ असते.

कुंद्याची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे वाफच हवी असते. दोन लिटर दुधातले दीड लिटर पाणी घालवायचे, तर एक किलो वायूतून सुमारे 46 मेगाज्यूल उष्णता मिळते आणि तिच्यातली साठ टक्के पातेल्याला लागते असे धरून, सव्वाशे ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो. दूध पातळ आहे तोवर ते तळाकडून वर आणि वरून खाली फिरत राहते, म्हणून मोठी आच चालते, फक्त ढवळायला माणूस हवा. दूध दाट झाले की हे फिरणे थांबते. मग तळाशी आलेली उष्णता वर जात नाही, तिथेच साचते, आणि साखर व दुधातली प्रथिने मिळून जो तांबूस रंग आणि खमंगपणा देणार असतात, तीच करपून कडू होतात. त्या शेवटच्या टप्प्यात कुंदा सांभाळतो तो उलथने धरलेला हात आणि ते 0.40 मिलिमीटरचे छिद्र.

तर आमच्या शेगडीचे काय झाले होते, ते सांगतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला बटणे घट्ट झाली होती म्हणून एका दुरुस्तीवाल्याला बोलावले होते. त्याने दोन्ही कॉक उघडले, पुसले, भरपूर ग्रीस लावले आणि बटणे लोण्यासारखी फिरू लागली. दोन दिवसांनी सिम नाहीसे झाले आणि चौथ्या दिवशी सकाळी, रात्रभर बंद असलेल्या स्वयंपाकघरात, कुजलेल्या कोबीसारखा तो ओळखीचा वास हलकासा आला. हा वास गॅसचा स्वतःचा नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन मुद्दाम मिसळलेले असते. मी रेग्युलेटर बंद केला, दारे-खिडक्या उघडल्या, दिव्याच्या बटणाला कोणाला हात लावू दिला नाही आणि वास पूर्ण गेल्यावर, शेगडीची बटणे बंद ठेवून रेग्युलेटर क्षणभर उघडून साबणाचा फेस दोन्ही कॉकवर लावला. डाव्या कॉकच्या मानेपाशी मोहरीएवढा एक बुडबुडा हळूहळू फुगला, फुटला आणि दुसरा फुगू लागला.

रेग्युलेटर सिलिंडरवरून काढून मी शेगडी उघडली. डाव्या खुंटीचे बारीक छिद्र ग्रीसने बुजलेले होते. ग्रीस तापून पातळ झाले होते, आत ओघळले होते आणि घट्ट बसले होते. तेवढ्याने वासाचा उलगडा होत नव्हता. शॉपमध्ये टेपर जुळला की नाही हे पाहायला आम्ही ब्लू, म्हणजे स्पर्श कुठे होतो ते दाखवणारा निळा रंग, लावत असू, त्याची एक जुनी डबी घरी होती. खुंटी स्वच्छ पुसून तिला निळ्या रंगाचा पातळ हात दिला, पोकळीत घालून एकदाच फिरवली आणि बाहेर काढली. रंग फक्त जाड टोकाकडच्या एका अरुंद पट्ट्यात पुसला गेला होता, बाकीच्या अंगाला पोकळीचा स्पर्शही झाला नव्हता. मग उजव्या कॉकची खुंटी डाव्यात आणि डाव्याची उजव्यात घालून पाहिली. दोन्ही ठिकाणी रंग वरपासून खालपर्यंत सारखा पुसला गेला.

दुरुस्तीवाल्याने पुसताना दोन्ही खुंट्यांची अदलाबदल केली होती. दिसायला त्या अगदी एकसारख्या असतात, आणि ज्याने टेपरचे काम केलेले नाही त्याला त्यात काही चूक आहे असे वाटणारही नाही. पण प्रत्येक खुंटी आपल्याच पोकळीत बारीक पेस्ट लावून घासून बसवलेली असते. ती जोडी एकमेकांच्या अंगाने घडलेली असते आणि कुठल्याही रबराच्या चकतीशिवाय वायू अडवते, ती केवळ या जुळणीच्या जोरावर. म्हणून कॉक उघडणाऱ्या कारागिराला माझी विनंती असते, की एका वेळी एकच कॉक उघडावा, आणि ग्रीस उष्णता सोसणारे व गॅसच्या कॉकसाठीचेच वापरावे, तेही खुंटीला जेमतेम चकाकी येईल इतकेच. घरी हा उद्योग कोणी करावा असे मी सुचवत नाही. माझ्या हातांना त्याची सवय होती, तरीही जोडणीनंतर मी साबणाच्या फेसाने तीन वेळा तपासले.

जेटच्या बाबतीतही असाच हलगर्जीपणा सर्रास होतो. ज्योत लहान झाली की शिवणाची सुई किंवा स्टोव्हची पिन जेटमध्ये घालून फिरवतात. पितळ मऊ असते. 0.70 मिलिमीटरचे भोक घासून 0.77 झाले, तर डोळ्यांना ते कधीच कळणार नाही, पण क्षेत्रफळ 21 टक्क्यांनी वाढते आणि वायूही जवळपास तितकाच जास्त जातो. ज्योत पातेल्याच्या बाजूंनी वर चढू लागते आणि ती उष्णता बुडाला न लागता हवेत जाते. जेट धुवावा, फुंकावा, फारच खराब झाला तर बदलावा; त्याची किंमत अगदी थोडी असते.

माझी धाकटी बहीण टिळकवाडीत राहते. तिच्या घरी आता पाइपने गॅस येतो. जोडणी करणाऱ्यांनी शेगडीचे जेट बदलून दिले, कारण नैसर्गिक वायूच्या तेवढ्याच आकारमानातून सिलिंडरच्या वायूच्या सुमारे एकतृतीयांश उष्णता मिळते, शिवाय त्याचा दाब 30 ऐवजी सुमारे 21 मिलिबार असतो, म्हणून भोक मोठे लागते. मोठी ज्योत उत्तम झाली. कॉकमधली खुंटी मात्र जुनीच राहिली, तिच्यावरचे सिमचे छिद्र सिलिंडरच्या वायूच्या हिशेबाने पाडलेले. परिणाम असा झाला की बारीक केलेली ज्योत इतकी क्षीण झाली की खिडकीतून पावसाची एक झुळूक आली तरी विझायची. आपल्या बहुतेक शेगड्यांत ज्योत विझल्यावर वायू आपोआप अडवणारी व्यवस्था नसते. ज्या शेगड्यांत असते, तिथे ज्योतीजवळ एक छोटी धातूची दांडी तापून अगदी सूक्ष्म वीज निर्माण करते आणि त्या विजेवर एक चुंबक झडप उघडी धरून ठेवतो, दांडी निवली की झडप मिटते. बहिणीच्या शेगडीला तशी काही सोय नव्हती. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, हा पाइपचा वायू हलका असून छताकडे जातो, पण न जळता घरात भरणे दोन्हीचे सारखेच वाईट.

श्रावणातल्या एका रविवारी, पाइपच्या गॅससाठी बनवलेले दोन नवे कॉक कंपनीच्या माणसाकडून बसवून घेतले. फेस लावून पाहिला, बुडबुडा आला नाही. बहिणीने डावा बर्नर पेटवला, बटण सावकाश शेवटपर्यंत फिरवले आणि खिडकी सताड उघडली. बाहेर पाऊस लागलेला होता. निळ्या मण्यांची माळ बर्नरभोवती खाली बसली, वाऱ्याने एका बाजूला कलली, पुन्हा सरळ झाली. दहा मिनिटे आम्ही दोघे काही न बोलता तिच्याकडे पाहत उभे होतो. मग तिने फ्रिजमधून दूध काढले आणि विचारले, "दादा, तवा खाली ठेवू का आईसारखा?"